ढगाळ नळ्या

आमच्या घरात पहाटे सगळ्यात आधी जाग यायची ती म्हशीला. गोठ्यात ती एक खोल सुस्कारा टाकायची, गळ्यातली साखळी खुंट्यावर घासायची आणि त्या आवाजानं माय उठायची. मग चुलीत तुराट्या कडाकडा पेट घ्यायच्या, परातीत ज्वारीचं पीठ मळल्याचा ओलसर आवाज यायचा आणि थोड्या वेळानं भाकरी थापल्याचा तो संथ ताल सुरू व्हायचा. मी गोधडीत डोळे मिटून पडलेली असायची. घर आणि गोठा यांच्यामध्ये फक्त कुडाची भिंत होती, त्यामुळं माणसांचे आणि जनावरांचे आवाज एकमेकांत मिसळूनच कानावर यायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, बैलांशी बोलायलेत का मायशी, हे अर्धवट झोपेत कळायचं नाही. लांबून, पिंगळी स्टेशनच्या बाजूनं, मालगाडीची शिट्टी यायची आणि धुक्यात विरून जायची. आता माझ्या परभणीच्या घरात पहाटे पाण्याच्या मोटारी सुरू होतात, दुसरं काही ऐकू येत नाही. तरी जागं होता होता कधी कधी मला वाटतं की आत्ता भिंतीपलीकडं कुणीतरी सुस्कारा टाकला.

त्या दिवसांत मी परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजात पुढचं शिक्षण घेत होते. गावात याला 'ढोरांच्या दवाखान्याचं शिक्षण' म्हणायचे. मला जो विषय मिळाला होता तो घरच्यांना समजावून सांगताना माझी तारांबळ उडायची. शेवटी एका सकाळी भाकरी खाता खाता मी मायला सोपं करून सांगितलं. म्हटलं, रक्तात तांबड्या पेशी असतात तशा पांढऱ्याही असतात. अंगात जंतू शिरला की पांढऱ्या पेशी त्याच्याकडं धाव घेतात, त्याला गिळतात आणि आपल्या पोटातल्या रसांनी विरघळवतात. त्या रसांना एन्झाइम म्हणतात. कोणत्या जनावराच्या पांढऱ्या पेशीत कोणता रस आहे, कोणता नाही, हे मला ताडून बघायचंय. मायनं तव्यावरची भाकरी उलटली, कडा दाबल्या आणि म्हणाली, "गाय, म्हैस, शेळी, समदी एकाच हौदावर पाणी पितेत. एकच कडबा खातेत. मग आतलं येगळं कशाला आसंल?"

"तेच बघायचंय ना, माय."

"बघ बाई," ती म्हणाली आणि माझ्या भाकरीवर लसणाची चटणी ठेवून तिच्यावर करडईच्या तेलाची धार सोडली.

बाकीच्या मुली सकाळी आवरायला बसतात त्या वेळी मी चुलीवर छोट्या पातेल्यात सुया उकळत ठेवायची. मायला ते मुळीच आवडायचं नाही. "सैपाकाच्या चुलीवर सुया शिजवायलीस," असं ती रोज म्हणायची आणि रोज पातेल्याखाली एक तुराटी सारायची. मग मी गोठ्यात जायची. आमची गाय लाल कंधारी, गडद विटकरी रंगाची, तिला आम्ही तांबडीच म्हणायचो. अण्णा तिची मान वर धरायचे, गळ्याखाली लोंबणाऱ्या कातड्याच्या पोळीवरून हात फिरवत राहायचे, आणि मी मानेची शीर दाबून सुई घालायची. गरम रक्त काचेच्या नळीत उतरताना नळी बोटांना ऊबदार लागायची, थंडीच्या दिवसात तर ती दोन्ही तळव्यांत धरून ठेवावीशी वाटायची. म्हैस ढिम्म उभी राहायची. शेळी मात्र जीव घेतल्यासारखी ओरडायची आणि माय पदरानं तिचं तोंड झाकत मलाच बोलायची. कोंबडीच्या पंखाखालच्या शिरेतून थेंब थेंब रक्त काढायला सगळ्यात जास्त वेळ लागायचा. अण्णांनी पहिल्या दिवशी एवढंच विचारलं होतं, "किती काढणार?" मी नळी दाखवली. ते म्हणाले, "मी धरतो. दुसरं कुणी धरलं तर बिथरतेत." त्यानंतर त्यांनी कधी काही विचारलं नाही.

त्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून, बर्फ घातलेल्या डब्यात ठेवून मी सकाळची पॅसेंजर पकडायची. डबा मांडीवर घेऊन खिडकीशी बसलं की दोन्ही बाजूंनी उभी ज्वारी सरकत जायची. कणसांवर धुकं बसलेलं असायचं आणि मधूनच एखाद्या माळ्यावरून गोफण फिरवणारी बाई दिसायची. समोर बसलेल्या बायका डब्याकडं बघून विचारायच्या, "दही हाय का?" मी हो म्हणायची. रक्त आहे असं सांगितलं असतं तर गाडीचा डबाच रिकामा झाला असता.

परभणी स्टेशनाबाहेर गफूरचाचांचा टांगा असायचा. त्यांच्या घोडीचं नाव शहजादी. पांढरी होती, पण धुळीनं आणि वयानं तिला दुधाच्या चहाचा रंग आला होता. मला घोड्याचं रक्त हवं होतं, कारण आमच्या घरी घोडा नव्हता. रोज त्यांच्याच टांग्यातून कॉलेजला जायचं आणि विचारायला धीर होत नव्हता. एकदा विचारलं तेव्हा त्यांनी भर रस्त्यात टांगा थांबवला.

"बेटी, नक्को," ते म्हणाले. "ही माजी घोडी न्हाई, घरातलं मानूस हाय. तिला सुई टोचायलीस, उद्या तिला कायतर झालं तर?"

पुढं आठवडाभर उतरल्यावर मी शहजादीचे खूर बघायची, नाल सैल झाला असेल तर सांगायची, तिच्या खांद्यावर साजाच्या पट्ट्यानं पडलेल्या जखमेला कॉलेजातून मलम आणून लावायची. रक्तासाठी करत होते का तिच्यासाठी, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. जखम भरून आली त्या दिवशी चाचा स्वतःच म्हणाले, "ले, काढ. पर मी तिचे डोळे झाकून धरतो." त्यांनी आपल्या खांद्यावरचा रुमाल तिच्या डोळ्यांवर धरला आणि स्वतःचेही डोळे घट्ट मिटून घेतले.

प्रयोगशाळेत माझी जागा खिडकीशी होती, बाहेर एक मोठा कडुनिंब होता. रक्ताच्या नळ्या यंत्रात गरागरा फिरवल्या की तांबडं खाली बसायचं, वर पिवळसर पाणी राहायचं आणि त्या दोन्हींच्या मध्ये एक पांढरी चकती धरायची, अगदी पातळ, तापवलेल्या दुधावरच्या पहिल्या सायीसारखी. तेवढीच माझी मिळकत. ती साय उचलताना मी श्वास रोखून धरायची. काही पेशी काचेवर पसरून रंगवायच्या, मग सूक्ष्मदर्शकात बघत बसायचं. म्हशीच्या पेशीत तपकिरी दाण्यांची रांगोळी दिसायची, एका एन्झाइमची खूण. कोंबडीच्या पेशीत त्या जागी काहीच नसायचं, सगळं कोरं. मी तासन्‌तास बघत राहायची. खिडकीतून निंबाची सावली हातावर हलत असायची, यंत्राची घरघर थांबलेली असायची आणि मी त्या गोल उजेडात कुठंतरी उतरून गेलेली असायची, जिथं गाय म्हणजे शिंगं आणि शेपूट नव्हती, नुसतं पेशीतलं एक शांत गाव होतं. त्या रंगातलं एक औषध पुढं विषारी ठरलं, आता ते कुणी वापरत नाही. आम्ही उघड्या बोटांनी वापरत होतो. तो विचार आला की आजही मी नकळत बोटं साडीला पुसते.

पण सगळ्यात सुंदर प्रयोग वेगळाच होता. एका जातीचे निरुपद्रवी जंतू पाण्यात कालवले की नळी ढगाळ होते, पाण्यात चमचाभर दूध घातल्यासारखी. लायसोझाइम नावाचं एन्झाइम त्या जंतूंचं कवच फोडतं. ते ज्या पेशीत असेल त्या पेशींचा रस घातला की ढग हळूहळू विरळ होतात आणि नळी नितळ होते. शहजादीच्या पेशींनी नळी सावकाश निवळली. कोंबडीच्या पेशींनी तर चटकन निवळली. तांबडीची नळी मात्र ढगाळ ती ढगाळच राहिली. म्हशीची तशीच. शेळीचीही. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच झालं.

माझे मार्गदर्शक सर उंच, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी नळ्या उजेडाकडं धरून पाहिल्या आणि एका एका नळीकडं बोट करत म्हणाले, "घोडी स्टेशनावरची, रक्त ताजं. कोंबडी?"

"तीही स्टेशनाजवळच्या वस्तीतून घेतली, सर. घरच्या कोंबडीचं रक्त वाटेत गोठायला लागलं म्हणून."

"आणि ज्या तिन्ही नळ्या ढगाळ राहिल्या त्यांचं रक्त आगगाडीनं आलं. मग हा जनावरांमधला फरक आहे का प्रवासातला?"

ते बरोबर बोलत होते. परदेशात कुणी हे पाहिलंही असेल, पण आमच्या ग्रंथालयात तसं काही सापडलं नव्हतं. माझ्या हातात फक्त पाच नळ्या होत्या आणि त्यातल्या तिघींवर शंका होती.

"कॉलेजच्या गोठ्यातली गाय घेऊ का, सर?"

"घे ना. पण मग मी म्हणेन, ही गाय निराळी. ज्यांचं रक्त तू घेतलंस तीच जनावरं, कोंबडीही घरचीच, एकाच जागी, एकाच वेळी, माझ्यासमोर. नाहीतर हा भाग सोडून दे." थोडं थांबून ते म्हणाले, "हा भाग सोडलास तर उरतं ते फार थोडं आहे, हे तुलाही कळतं."

परतीच्या गाडीत मी खिडकीकडं पाठ करून बसले. हा भाग सोडायचा म्हणजे नव्या विषयानं पुन्हा सुरुवात, पुन्हा एक वर्ष. आणि घरात आधीच भावकीतली माणसं येऊन अण्णांना विचारत होती की पोरीला अजून किती दिवस ढोरांच्या मागं फिरवणार. अण्णा त्यांना पान द्यायचे आणि उत्तर द्यायचे नाहीत. पण त्यांनाही एकदा उत्तर द्यावंच लागलं असतं.

मी घरी आले तेव्हा अण्णा अंगणात बैलांसाठी सरकी भिजवत होते. मी सगळं सांगितलं. जनावरं परभणीला न्यायची म्हणजे काय, हे बोलता बोलताच मला कळत गेलं आणि माझा आवाज बारीक होत गेला. अण्णांनी सरकीतून हात काढला, पाणी झटकलं.

"तुजे सर म्हनतेत तुजं चुकलं?"

"चुकलं म्हणत नाहीत. खात्री नाही म्हणतात."

"तुला हाय का खात्री?"

मला त्या तीन ढगाळ नळ्या आठवल्या. मग म्हटलं, "हाय."

"मग नेऊ," अण्णा म्हणाले. "तांबडी चालंल. म्हैस बी चालंल, जरा रमत गमत. शेळी गाडीत."

"आन् कोंबडी माज्या मांडीवर," चुलीपासून माय म्हणाली. ती येणार आहे हे आम्हाला तेव्हाच कळलं.

ठरलेल्या दिवशी पहाटे आम्ही निघालो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की गाडीतून मला बैलांची शिंगं दिसत होती, बैल दिसत नव्हते. गाडीत कडब्याच्या पेंढ्या पसरलेल्या, त्यावर घोंगडी, घोंगडीवर मी आणि माय. मायच्या मांडीवर पाटीखाली कोंबडी आणि पायाशी बांधलेली शेळी. मागं दाव्यानं बांधलेल्या तांबडी आणि म्हैस. धुक्यात त्यांच्या नाकातली वाफ तेवढी पुढं मागं होत होती. चाकांचा आवाज, घुंगरांचा आवाज, आणि वाटेतल्या शेतात कुठंतरी हुरड्याची आगटी पेटवलेली असावी, तिचा गोडसर धूर. मला आठवतं, मी मायच्या खांद्यावर डोकं टेकवलं होतं आणि मला वाटत होतं की आपण कुठंच चाललेलो नाही, आपला गोठाच तेवढा तरंगत तरंगत परभणीला निघालाय. आयुष्यात मी पुढं पुष्कळ प्रवास केले, विमानातूनही केले. तसा परत झाला नाही.

सूर्य वर आला, धुकं फाटलं आणि कालवा लागला. कालव्याला पाणी सोडलेलं होतं. म्हशीनं ते पाहिलं मात्र, मानेला एक हिसका दिला, दावं सुटलं, आणि ती शांतपणे उतारावरून खाली जाऊन पाण्यात बसली. नुसतं नाक आणि शिंगं वर. अण्णांनी हाका मारल्या. मग खडे मारले. मग धोतर खोचून थंड पाण्यात उतरले, तर ती आणखी आत सरकली. ऊन चढत होतं. सरांना दुपारी औरंगाबादला जायचं होतं आणि प्रयोगाला वेळ लागणार होता. मी काठावर उभी राहून रडायच्या बेतात आले.

"रडायलीस कशाला?" माय म्हणाली. तिनं कोंबडीची पाटी माझ्या हातात दिली, गाडीतली पितळी चरवी घेतली, काठावर येऊन उभी राहिली आणि हातातल्या बांगडीनं चरवीवर टण टण वाजवायला लागली. रोज धार काढायला जाताना ती तसंच वाजवायची. म्हशीचे कान हलले. ती जरा थांबली, विचार केल्यासारखं केलं, मग पाण्यातून उठली आणि निथळत निथळत वर येऊन मायपाशी उभी राहिली. आता धार काढल्याशिवाय ती हलेना. मायनं तिथंच रस्त्याच्या कडेला बसून धार काढली. अण्णांचे दात थंडीनं वाजत होते, त्यांनी ते ताजं दूध चरवीला तोंड लावून प्यायलं, आणि आम्ही पुढं निघालो.

कॉलेजच्या आवारात आमची गाडी शिरली तेव्हा सर व्हरांड्यात घड्याळाकडं बघत उभे होते. गफूरचाचा आधीच येऊन निंबाखाली शहजादीला घेऊन थांबले होते. त्यांनी तिला आंघोळ घातली होती आणि कपाळावर लाल गोंडा बांधला होता, जणू लग्नाला आणली होती. अण्णांनी बैल सोडले. तांबडी, म्हैस, शेळी, घोडी, सगळी एका सावलीत बांधली गेली. तोवर कोंबडी पाटीखाली ओरडायला लागली. मायनं पाटी उचलली तर खाली अंडं.

"घ्या सायेब," मायनं ते गरम अंडं सरांपुढं धरलं. "तुमच्यासाठी."

सर पहिल्यांदा हसले. "बाई, याचा फार उपयोग आहे," ते म्हणाले. अंड्याच्या पांढऱ्या बलकात लायसोझाइम भरपूर असतं. जंतू ठीक आहेत का हे पडताळायला तो बलक एका जादा नळीत घालायचा असतो, आणि त्या दिवशी आमच्याच कोंबडीचा घातला.

मी एकामागून एक रक्त काढलं. सर शेजारी उभे होते. तांबडीच्या मानेवर नेहमीसारखा अण्णांचा हात होता, त्याच्या शेजारीच मी शीर दाबली आणि सुई घातली. शेळी ओरडली, मायनं पदर धरला. चाचांनी शहजादीचे डोळे झाकले आणि आपलेही मिटले. आत जाऊन मी नळ्या फिरवल्या, साय उचलली, पेशी फोडल्या. मग लाकडी चौकटीत सगळ्या ढगाळ नळ्या ओळीनं लावल्या, प्रत्येकीत एकेका जनावराचा रस घातला आणि ऊबदार पाण्यात ठेवल्या. आता करायचं काही उरलं नव्हतं. नुसतं थांबायचं होतं.

मायनं निंबाखाली फडकं सोडलं. भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, आणि म्हशीचं घरून आणलेलं दही. सर म्हणाले, मी जेवून आलोय. माय म्हणाली, "आमी कुटं म्हनतो उपाशी हाव म्हनून. बसा." ते बसले. चाचाही बसले. सरांनी भाकरीचा पहिला घास मोडला आणि मग स्वतःच चटणी मागितली. जनावरं रवंथ करत होती. वर निंबात व्हले पक्षी घुमत होते. आत, भिंतीपलीकडं, त्या नळ्यांत काय चाललं असेल ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं आणि दिसतही नव्हतं.

हात धुऊन आम्ही आत गेलो. अण्णा दारातच थांबले, पायांना चिखल होता म्हणून. सरांनी त्यांना हातानं खूण करून आत बोलावलं. मग त्यांनी नळ्या बाहेर काढल्या आणि खिडकीच्या उजेडात धरल्या.

अंड्याच्या पांढऱ्या बलकाची नळी नितळ झाली होती, तिच्यातून निंबाची पानं दिसत होती. कोंबडीच्या पेशींची तशीच. शहजादीची निवळत आली होती, अजून थोडंसं धुकं बाकी होतं. आणि तांबडी, म्हैस, शेळी, तिघींच्या नळ्या सकाळच्या त्या दाट धुक्यासारख्याच होत्या. त्यांच्यापलीकडं काही दिसत नव्हतं. सरांनी त्या हलवून पाहिल्या, पुन्हा उजेडाकडं धरल्या, पुन्हा हलवल्या. मी मनात कुठला देव आठवत होते ते आता सांगता येत नाही.

"प्रवासाचा दोष नव्हता," सर शेवटी म्हणाले. "तुझं बरोबर होतं. लिही."

मला आनंद झाला असं म्हणणं बरोबर होणार नाही. मला फार हलकं वाटलं, कुणीतरी डोक्यावरचा भारा उतरवून घ्यावा तसं. मी अण्णांकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. ते त्या ढगाळ नळीकडं बघत होते.

"सायेब, इचारू का?" ते म्हणाले. "ह्या नळीत तांबडीचा रस हाय ना?"

"हो, पाटील."

"म्हंजी ते जंतू मारायचं औशिद तिच्या रगतात न्हाई."

"या पेशीत नाही. निदान हे औषध नाही."

"पर ती तर कदी आजारी पडली न्हाई. खुरकूत आली, गावातली ढोरं बसली, ही उभी होती. मग ती कशानं लढती?"

सरांनी नळी खाली ठेवली. मी त्यांची विद्यार्थिनी होते, ते काहीतरी सांगतील याची मी वाट पाहत होते. ते म्हणाले, "मला माहीत नाही."

"कुणाला म्हाईत हाय?"

"माझ्या माहितीत तरी कुणालाच नाही."

"मंग बगा की," अण्णा म्हणाले, अगदी सहज, एखाद्याचा बैल हरवला तर शोधा की म्हणावं तसं.

शिक्षकांच्या तोंडून 'मला माहीत नाही' हे मी पहिल्यांदा ऐकलं होतं. तोपर्यंत मला वाटायचं की सगळं कुठंतरी लिहिलेलं असतं आणि आपण ते पाठ करायचं असतं. त्या दुपारी पहिल्यांदा कळलं की जगात न लिहिलेलं पुष्कळ आहे आणि त्यातलं काही आमच्या गोठ्यात बांधलेलं आहे. पुढं माझी सगळी नोकरी त्या एका प्रश्नामागं गेली. उत्तर मी काढलं नाही. ते दूर देशातल्या लोकांनी काढलं: गाईच्या, म्हशीच्या, शेळीच्या पेशीत एक तिसऱ्याच जातीचे मोठे दाणे असतात आणि त्यात जंतू मारणारी निराळीच द्रव्यं असतात. मी ते वाचलं तेव्हा अण्णा होते, म्हातारे झाले होते, बाजेवर बसून असायचे. मी धावत जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "आसनारच की." मला जरा रागच आला होता. आता वाटतं, एवढा विश्वास मला माझ्या नळ्यांवरही कधी नव्हता.

पण मी त्या दिवसाचं सांगत होते. सर औरंगाबादला गेले. चाचांनी शहजादीला टांग्याला जुंपलं आणि जाताना मला म्हणाले, "बेटी, अपनी शहजादी पास हुई ना?" मी म्हटलं, हो चाचा, पास झाली. ते स्टेशनाकडं वळले तेव्हा त्यांनी दोनदा मागं बघून हात केला.

आम्ही परतीला लागलो. दिवस कलला होता, उन्हाचा रंग ज्वारीच्या पाचोळ्यासारखा झाला होता. अण्णा गाडीच्या पुढच्या बाजूला बसून हाकत होते. कालवा ओलांडला, या खेपेला म्हशीचं दावं मायनं स्वतः धरलं होतं. थोडं पुढं गेल्यावर माझ्या लक्षात आलं की अण्णांची मान खाली आलीय. पहाटेपासून ते जागे होते, थंड पाण्यात उतरले होते, दिवसभर जनावरं धरून उभे होते. कासरा त्यांच्या हातातून निसटत होता.

मी पुढं सरकले आणि उठवायला हात लावणार तेवढ्यात माय हळूच म्हणाली, "झोपू दे त्यान्ला."

"मग बैल?"

"तू हाक."

आमच्या गावात बाई गाडी हाकताना कुणी पाहिली नव्हती. शेतात हाकायच्या कधीमधी, वाटेवर नाही. मी मायकडं पाहिलं. तिनं अण्णांचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं होतं आणि घोंगडी त्यांच्या अंगावर टाकत होती. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. मी कासरा उचलला. बैलांना हातातला फरक कळला असावा, त्यांनी कान मागं वळवले, मग पुढं चालू लागले.

गावाच्या पहिल्या घरांपाशी आलो तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. पारावर माणसं बसली होती. बोलणं थांबलं. कुणीतरी उभं राहिलं. माझे कान गरम झाले, पण मी नजर बैलांच्या शिंगांच्या मधोमध ठेवली आणि गाडी पारावरून तशीच पुढं नेली. पाठीमागून तांबडी हंबरली, तिला घर कळलं होतं. दारात गाडी थांबली तेव्हा अण्णा जागे झाले. घोंगडी बाजूला करून ते उठून बसले, आभाळाकडं पाहिलं, आपल्या दाराकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या कासऱ्याकडं.

"कुटनं हाकायलीस?"

"कालव्यापासनं."

"पारावरनं आलीस?"

"हो."

अण्णांनी खाली उतरून एकेका बैलाच्या मानेवरून हात फिरवला, जोखडाखाली कुठं घासलंय का ते चाचपून पाहिलं.

"बैल कुटं आडले न्हाईत?"

"नाही, अण्णा."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि जू उतरवायला लागले.